मेस बंद, जुगाड चालू!

शिकायला बाहेरगावी राहायचं म्हणजे वीस तारखेनंतर खिशाशी झुंज आणि रोज सकाळी घड्याळाशी. दोन्ही थोडं सोपं करणाऱ्या रूमवरच्या या काही युक्त्या.

पुण्यात मेसवर जेवणाऱ्यांना एक वेळापत्रक तोंडपाठ असतं. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. आम्ही तिघी सदाशिव पेठेत एका खोलीत राहायचो. रविवार संध्याकाळ आली की मोबाइल काढायचा, काहीतरी मागवायचं आणि बिल वाटून घ्यायचं, हे ठरलेलं. आमच्यातली एक मात्र दर वेळी म्हणायची, ‘‘तुम्ही मागवा गं, मला भूक नाहीये. दुपारचं जड झालंय.’’

आम्हालाही ते खरंच वाटायचं. मग एका रविवारी रात्री अकरा वाजता ती गॅलरीत एकटीच बिस्किटाचा पुडा खाताना दिसली. ती काही बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. पण भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी भरून तिच्याकडे काय उरत असेल, ते कळलं. पुढच्या रविवारी आम्ही जाहीर केलं, ‘‘बाहेरचं खाऊन कंटाळा आलाय. आजपासून रूमवर करायचं!’’

घरमालकीणकाकूंची परवानगी काढली. वर्गणी काढून एक सेकंडहँड इंडक्शन शेगडी घेतली. मी घरून जुना ॲल्युमिनियमचा कुकर आणला, मोठ्या थाटात शेगडीवर ठेवला, तर शेगडी नुसती टीं-टीं करत राहिली! तोच आमचा पहिला धडा.

आधी लोहचुंबक लावा

भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर ते इंडक्शनवर चालतं, नाही चिकटला तर नाही. भांडं विकत घेताना खिशात छोटा चुंबक ठेवा, पैसे वाया जाणार नाहीत. आणखी एक. भिंतीवरचा छोट्या पिनेचा पॉइंट सहा अँपिअरचा असतो, त्याला साधारण १४०० वॅटपर्यंतचाच भार झेपतो. शेगडीवर २००० वॅट लिहिलं असेल तर ती मोठ्या पिनेच्या पॉइंटलाच लावा. शेगडी आणि पाणी तापवायचा रॉड एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर तर अजिबात नको.

कुकर एक, पदार्थ तीन

डाळ अर्धा तास आधी भिजत घाला. मग कुकरमध्ये खाली डाळीचा डबा, वर भाताचा आणि कडेला दोन बटाटे. एकाच वेळी तिन्ही तयार. पहिली शिट्टी झाली की आच कमी करा. आत वाफेचा दाब तयार झाला की आच मोठी ठेवून डाळ लवकर शिजत नाही, फक्त शिट्ट्या वाढतात. बंद केल्यावर लगेच उघडायची घाई नको. आतल्या वाफेवर शिजणं चालूच असतं आणि ते फुकट असतं!

तांदूळ मोजून घ्या. माणशी अर्धी वाटी पुरते. सकाळच्या फोडणीच्या भातासाठी मुद्दाम उरवायचा मोह होतो. पण फ्रिज नसेल तर भात रात्रभर बाहेर ठेवू नका. पोट बिघडलं की वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातात.

फ्रिज नाही? चालेल!

कोथिंबिरीची जुडी पेल्यात बोटभर पाणी घालून फुलासारखी उभी ठेवा आणि पाणी रोज बदला. दोन-तीन दिवस सहज टिकते. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, बटाट्यांना लवकर कोंब येतात. भाजी घ्यायला मंडई उठायच्या वेळी जा. विक्रेत्याला माल परत न्यायचा नसतो, त्यामुळे भाव उतरतो.

आणि सगळ्यात कामाची म्हणजे मटकी. रात्री भिजवायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि कॉलेजला जायचं. दुसऱ्या दिवशी मोड हजर. मूठभर मटकीची वाडगाभर होते. उसळ करा किंवा कांदा-टोमॅटो-लिंबू घालून भेळ. आठवड्यातल्या दोन दिवसांचा बाहेरचा नाश्ता यातच वाचतो.

पाकिटाची मागची बाजू वाचा

मोठं पाकीट स्वस्तच पडतं, असं आपण धरून चालतो. पण प्रत्येक वेळी तसं नसतं. शाम्पूच्या छोट्या पुड्या पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. पाकिटावर एमआरपीजवळ एका ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमतही छापलेली असते. दोन पाकिटांवरचे तेवढेच आकडे ताडून बघा, ऑफरचं गणित आपोआप सुटतं.

मेसवाल्या काकांचा खाड्याचा नियमही पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. गावी जाताना आदल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून न जेवलेल्या ताटांचे पैसे भरणारे आपल्यात कमी नाहीत!

युनिटचं गणित

१००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट जळतं. १५०० वॅटच्या रॉडने बादलीभर पाणी अंघोळीपुरतं तापायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. रॉड लावून फोनवर बोलत बसलात आणि अर्धा तास गेला, तर पाऊण युनिट गेलं. शिवाय कडकडीत पाण्यात पुन्हा गार पाणी ओतावं लागतं ते वेगळंच. म्हणून रॉड लावला की मोबाइलवर बारा मिनिटांचा टायमर लावायचा. बादली प्लास्टिकची घ्या आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका.

हळदीचा डाग

साबण लावला की हळदीचा डाग लाल होतो आणि आपण घाबरून आणखी घासत बसतो. घासू नका. कपडा धुवा आणि डागाची बाजू उन्हात धरून वाळवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. एक-दोन दिवसांत डाग पुष्कळ फिका पडतो. महागड्या डाग-काढू पावडरीची गरज नाही.

हिशोबाची वही

आम्ही दाराच्या मागे एक वही टांगली. कोणी काय आणलं, ते त्यात लिहायचं. आमच्या त्या मैत्रिणीच्या घरी तुरीचं शेत आहे. तिने गावाहून डाळ आणली आणि आम्ही तिचा वाटा त्यातूनच धरला. पैशाने भरलेला वाटा आणि डाळीने भरलेला वाटा, वहीत दोन्ही सारखेच. मग तिलाही संकोच वाटेना आणि आम्हालाही.

पोट मारून केलेली बचत ही बचत नव्हे. ती अभ्यासावर निघते, तब्येतीवर निघते. खरी बचत कुकरच्या कमी आचेत असते, मटकीच्या फडक्यात असते आणि तिघींनी मिळून केलेल्या एका स्वयंपाकात असते.

तुमच्याही रूमवर दर रविवारी कुणी ‘मला भूक नाहीये’ म्हणत असेल, तर तिला काही विचारू नका. सरळ कुकर लावा आणि ताट वाढा. आमची ती मैत्रीण आता फोडणी झकास देते. आणि भात दोनदा घेते.