शर्यतीच्या एंजिनाचा हिशेब

तंबोरा विकत घेण्यासाठीं मिरजेस गेलेल्या गृहस्थास किंमत ऐकून पुष्कळ वेळां आश्चर्य वाटतें. भोपळा कितीचा, लांकूड कितीचें, तारा कितीच्या, असा अंदाज तो मनांतल्या मनांत करीत असतो, आणि त्या बेरजेच्या कितीतरी पट रक्कम कारागीर सांगतो. परंतु जवारी लावतांना घोडीवर कानस किती फिरवावी आणि कोठें थांबावें, हें ज्या कानाला कळतें, त्या कानाचें मोल त्या बेरजेंत कोठेंच आलेलें नसतें. शर्यतीच्या मोटारीचें एंजिन तज्ज्ञाकडून बांधून घेणाऱ्या माणसाची पहिल्या दिवशीं अशीच स्थिति होते. लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्या वजनावरून त्यानें जो आंकडा धरलेला असतो, तो आणि हातांत पडलेलें बिल, यांचा एकमेकांशीं कांहींच संबंध दिसत नाहीं.

हा संबंध कोठें आहे, तें पाहण्यासाठीं प्रथम "बांधणें" या शब्दाचा अर्थ ध्यानीं घेतला पाहिजे. नेहमींच्या वापराच्या मोटारीचें एंजिन कारखान्यांत जुळविलें जातें. त्याचे भाग हजारोंच्या संख्येनें तयार होतात. प्रत्येक भागाच्या मापाला थोडी कमी-अधिक होण्याची मुभा असते. आणि त्या मुभेच्या आंत असलेला कोणताहि दट्ट्या साधारणतः कोणत्याहि नळकांड्यांत बसतो. स्वस्ताईचें सगळें रहस्य या "कोणताहि" शब्दांत आहे. एंजिन बांधणारा कारागीर नेमका तोच शब्द काढून टाकतो. हा दट्ट्या याच नळकांड्याचा, ही कडी याच खांचेची, हा दांडा क्रँकच्या याच गळ्याचा, असें एकेकाचें नातें तो मोजून ठरवितो. म्हणजे कारखान्यानें वाचविलेला वेळच तो पुन्हां खर्च करीत असतो, आणि बिलांतील मोठा भाग या वेळेचा असतो.

इतक्या सूक्ष्मतेची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर साध्या गणितांत आहे. दट्ट्या नळकांड्यांत वरखालीं धांवतो. प्रत्येक टोंकाला त्याला पूर्ण थांबावें लागतें आणि लगेच उलट दिशेनें वेग घ्यावा लागतो. या ओढाताणीचा भार एंजिनाच्या फेऱ्यांच्या प्रमाणांत नव्हे, तर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. फेरे दुप्पट झाले कीं भार चौपट होतो. ज्याची धांव सुमारे ६५ मिलिमीटर आहे असा दट्ट्या मिनिटाला ९,००० फेरे या गतीनें चालविला, तर वरच्या टोंकाशीं त्याच्यावर येणारा ताण त्याच्या स्वतःच्या वजनाच्या तीन हजार पटींहून अधिक भरतो. अर्धा शेर वजनाची वस्तु त्या क्षणीं चाळीस-एक मणांच्या ओझ्यासारखी जोडदांड्याला ओढीत असते, आणि हें मिनिटाला ९,००० वेळां घडतें. अशा ठिकाणीं एका दांड्याचें वजन शेजारच्या दांड्याहून थोडेंसें जास्त असणें, किंवा पोलादांत डोळ्यांना न दिसणारी चीर असणें, ही क्षुल्लक गोष्ट राहत नाहीं. दांडा तुटला तर तो एंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. तेल मागच्या चाकांखालीं सांडतें. आणि त्या वेळीं गाडी ताशीं दीडशें मैलांनीं एखाद्या वळणांत शिरत असेल, तर प्रश्न पैशांचा उरत नाहीं.

म्हणून बिलांतील पहिली रकम भागांची येते. ओतीव क्रँकऐवजीं घडीव क्रँक, ओतीव दट्ट्यांऐवजीं घडीव दट्टे, वेगळ्या जातीच्या पोलादाचे दांडे आणि बोल्ट. यांपैकीं प्रत्येक वस्तु थोड्या संख्येनें तयार होत असल्यानें महाग असते. त्यानंतर यंत्रकाम. नळकांडें घांसून त्याचा गोलवा अचूक करणें हें काम वरवर पाहतां सोपें वाटतें. परंतु नळकांड्यांवर एंजिनाचें डोकें बोल्टांनीं आंवळून बसविलें कीं त्या आंवळण्यानेंच नळकांडें किंचित् वांकडें होतें! मोकळें असतांना अगदीं गोल केलेलें नळकांडें प्रत्यक्ष कामाच्या वेळीं गोल राहत नाहीं. याकरितां चांगला कारागीर डोक्याच्या जागीं जाड लोखंडी पट्ट बसवून, तो तितक्याच जोरानें आंवळून, मग घांसण्याचें काम करतो. मोकळें असतांना तें नळकांडें वांकडें दिसेल, पण कामावर चढल्यावर गोल होईल. ग्राहकाला या पट्टाचें दर्शनहि कधीं होत नाहीं, मात्र बिलांत तो असतो.

मोजमापाची कथा याहून नाजूक आहे. क्रँकचा गळा आणि त्याचें बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा पातळ थर राहावा इतकी फट ठेवावी लागते. गळ्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागें एक सहस्रांश इंच, असा एक ढोबळ नियम कारागीर पाळतात. माणसाचा केंस साधारणतः तीन सहस्रांश इंच जाड धरला, तर अडीच इंची गळ्याभोंवतालची फट केंसाहूनहि बारीक ठरते. ती कमी पडली तर धातूवर धातु घांसून एंजिन जाम होतें. जास्त झाली तर तेलाचा दाब टिकत नाहीं. धातु उष्णतेनें फुगत असल्यामुळें सकाळच्या थंडींत घेतलेलें माप आणि दुपारचें माप यांत फरक पडतो; म्हणून चांगल्या कारखान्यांत मोजण्याच्या खोलीचें उष्णमान वर्षभर एकसारखें ठेवतात. खोली थंड ठेवण्याचा खर्च अखेर कोणाच्या खिशांतून येतो, हें सांगावयास नको. त्यापुढें तोलणें, झडपा बसविणें, कॅम योग्य अंशावर लावणें, आणि सरतेशेवटीं एंजिन परीक्षायंत्रावर चढवून त्याची अश्वशक्ति प्रत्यक्ष मोजणें, हीं कामें येतात. परीक्षायंत्रावरचा दिवस महाग खरा, पण तो वांचविण्याचा मोह ज्याला होतो, त्याला चूक शर्यतीच्या मैदानावर कळते, आणि तेथली फी याहून जबर असते.

या व्यवसायाचा हिशेब कसा चालतो, हें इंग्लंडांतील एका एंजिनाच्या इतिहासावरून फार चांगलें समजतें. फॉर्म्युला वन या शर्यतींसाठीं १९६६ सालापासून तीन लिटर घनफळाच्या एंजिनांचा नवा नियम लागू झाला. तोंवर पुष्कळ इंग्रज संघांना एंजिनें पुरविणाऱ्या कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीनें त्याच सुमारास या क्षेत्रांतून अंग काढून घेतलें. (या कंपनीच्या शर्यतींतील कीर्तीचा उगम आग विझविण्याच्या पंपासाठीं केलेल्या एका एंजिनांत होता, ही एक मौजेची गोष्ट.) लोटस संघाचे कॉलिन चॅपमन यांच्यापुढें एंजिन आणावें कोठून, असा पेंच पडला. माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोघांनीं १९५८ सालीं, आपापल्या नांवांचे तुकडे जोडून, कॉसवर्थ नांवाची छोटी कंपनी काढली होती. डकवर्थ यांना एंजिनाची आंखणी करतां येत होती. पैसा मात्र नव्हता. इंग्लंडांतील फोर्ड कंपनीचे वॉल्टर हेज यांनीं तो मिळवून दिला. रकम होती १,००,००० पौंड, आणि तीहि एका नव्हे तर दोन एंजिनांच्या आंखणीकरितां : एक चार नळकांड्यांचें, आणि त्याच्या अनुभवावरून पुढें करावयाचें आठ नळकांड्यांचें.

तें आठ नळकांड्यांचें डी.एफ्.व्ही. एंजिन ४ जून १९६७ रोजीं हॉलंडांत झांडफूर्ट येथें प्रथम शर्यतींत उतरलें. जिम क्लार्क यांनीं तें चालविलें आणि पहिल्याच दिवशीं शर्यत जिंकली. त्यांचे सहकारी ग्रॅहम हिल यांची गाडी मात्र कॅम फिरविणाऱ्या दंतचक्रांचे दांत तुटल्यामुळें मध्येंच थांबली. एकाच हातचीं, एकाच आंखणीचीं दोन एंजिनें. एकाला जय आणि दुसऱ्याला भंग! दंतचक्रांच्या या दुखण्यानें पुढें कांहीं वर्षें डकवर्थ यांना स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

पहिलें वर्ष हें एंजिन एकट्या लोटस संघाकडे होतें. १९६८ पासून तें इतर संघांनाहि विकत मिळूं लागलें. एका एंजिनाची किंमत ७,५०० पौंड. त्या वर्षींच्या हुंडणावळीनें, म्हणजे पौंडास १८ रुपये या दरानें, हे १,३५,००० रुपये होतात. आंकडा मोठा आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. स्वतःचें एंजिन स्वतः निर्माण करावयाचें तर आंखणीकार, ओतशाळा, यंत्रशाळा आणि अनेक वर्षें, इतकें भांडवल पाहिजे. इटलींत फेरारीजवळ तें होतें. केन टिरेल यांच्यासारख्या लांकडाच्या व्यापाऱ्याजवळ तें असणें शक्य नव्हतें. साडेसात हजार पौंडांत जगांतील उत्तम एंजिन मिळूं लागल्याबरोबर टिरेल, मॅक्लारेन आणि पुढें विल्यम्स, यांना फेरारीच्या शेजारीं उभें राहतां आलें. त्या काळीं ७,५०० हा आंकडा शर्यतींत कोणास शिरतां येईल, तें ठरविणारा दरवाजा होता, आणि तो दरवाजा डकवर्थ आणि हेज यांनीं बराच रुंद ठेवला, हें त्यांचें श्रेय कबूल केलें पाहिजे.

तथापि खरेदीच्या रकमेंत हिशेब संपत नाहीं; खरें पाहतां तेथें तो सुरू होतो. शर्यतीचें एंजिन वर्षांवर नव्हे, तासांवर जगतें. एक-दोन शर्यती झाल्या कीं तें संपूर्ण खोलावयाचें, प्रत्येक भाग तपासावयाचा, बेअरिंगें, कड्या, झडपांच्या स्प्रिंगा, दट्टे बदलावयाचे, आणि पुन्हां बांधावयाचें. एक एंजिन कारागिराकडे असतांना दुसरें गाडींत आणि तिसरें पेटींत पाहिजे. म्हणून एका गाडीला एक एंजिन कधींच पुरत नाहीं. हें काम इतकें वाढलें कीं कॉसवर्थखेरीज इतर कारागिरांचाहि त्यावर चरितार्थ चालूं लागला. जॉन जड यांनीं जॅक ब्रॅबहॅम यांच्यासह १९७१ सालीं काढलेली रग्बी येथील कंपनी, आणि निकल्सन-मॅक्लारेन हा कारखाना, हीं त्यांतील ठळक नांवें. त्यांचा प्रत्येकाचा हात निराळा आणि कानमंत्रहि निराळा असे.

या पुनर्बांधणीचा खर्च कां वाढत गेला, याचें उत्तर पुन्हां त्या वर्गाच्या नियमांत आहे. १९६७ सालीं हें एंजिन ९,००० फेऱ्यांवर सुमारे ४०० अश्वशक्ति देत असे. दहा-बारा वर्षांनीं तेंच एंजिन ११,००० च्या आसपास फिरून सुमारे ४८० देऊं लागलें. अश्वशक्ति वाढली पांचवा हिस्सा. दट्ट्यांवरचा ताण मात्र जवळजवळ दीडपट झाला. प्रत्येक नवा घोडा आधींच्या घोड्याहून महाग पडतो, असें जें कारागीर म्हणतात तें उगीच नव्हे. अगदीं पहिली सुधारणा स्वस्त असते, शेवटची अवाच्या सवा महाग असते, आणि जिंकणारा व दुसरा यांच्यांतील अंतर बहुधा त्या शेवटच्या सुधारणेइतकेंच असतें!

या मार्गाचें टोंक पुढच्या दशकांत दिसलें. रेनो कंपनीनें १९७७ सालीं टर्बोचार्जर लावलेलें दीड लिटरचें एंजिन शर्यतींत आणलें. बी.एम्.डब्ल्यू. कंपनीचें तसलें एंजिन तर रस्त्यावरच्या साध्या मोटारीच्या ओतीव लोखंडी ठोकळ्यावर बांधलेलें होतें, आणि त्याच्या जोरावर १९८३ सालीं नेल्सन पिके यांनीं जगज्जेतेपद मिळविलें. पुढें पुढें तर केवळ पात्रता-फेरीसाठीं, मोजक्या फेऱ्यांत संपून जाणारीं एंजिनें बांधलीं जाऊं लागलीं. मोठ्या मोटार-कंपन्यांच्या तिजोरीपुढें विकतच्या एंजिनाची मात्रा चालेना. डी.एफ्.व्ही. घराण्याचा शेवटचा विजय १९८३ सालीं डेट्रॉइट येथें मिकेले आल्बोरेटो यांनीं टिरेल संघाकरितां मिळविला. तो १५५ वा होता. पुढें २०२३ सालापासून तर एंजिन बनविणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक खर्चावर नियमानेंच मर्यादा घालावी लागली. सुरवातीचा आंकडा होता साडेनऊ कोटि डॉलर.

तरी जुनीं डी.एफ्.व्ही. एंजिनें भंगारांत गेलीं नाहींत. ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतींत तीं आजहि धांवतात, आणि त्यांना पुन्हां बांधून देणारे कारागीरहि आहेत. त्यांच्याकडे येणारा ग्राहक पहिल्यांदा "एकूण किती?" असें विचारतो. जाणता ग्राहक "तासाला किती?" असें विचारतो, कारण बांधणीच्या रकमेला पुढच्या बांधणीपर्यंतच्या तासांनीं भागल्यावांचून दोन कारागिरांच्या दरांची तुलनाच होत नाहीं. हमीपत्र तो मागत नाहीं; शर्यतींत गाडी कोण कशी हांकील, हें कारागिराच्या हातीं नसल्यामुळें तें बहुधा कोणी देतहि नाहीं. त्याऐवजीं तो मापांची वही मागतो. तींत प्रत्येक फट, प्रत्येक वजन, बदललेला प्रत्येक भाग आणि प्रत्येक तास लिहिलेला असतो. अशी वही जो दाखवीत नाहीं, त्याचा दर कितीहि कमी असला तरी तो महागच समजावा. जुन्या एंजिनांचे बरेच मालक फेऱ्यांची मर्यादाहि मुद्दाम खालीं ठेवतात. ११,००० ऐवजीं १०,००० वर थांबलें कीं दट्ट्यांवरचा ताण सहाव्या हिश्श्याहून थोडा अधिकच उतरतो. गाडी सरळ रस्त्यावर थोडी मागें पडते, आणि वहींतील तासांचा रकाना आणखी कांहीं ओळी खालीं सरकतो.