उभे वाहन आणि कायदा

वाहन धावत असेल तरच अपघात होतो, उभ्या वाहनापासून कसले भय, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. कायद्यास ती मान्य नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १२२ अन्वये, वाहन ज्याच्या ताब्यात असेल त्याने ते किंवा त्याचा ट्रेलर सार्वजनिक जागी अशा रीतीने सोडून जाता कामा नये अथवा उभा ठेवता कामा नये की, त्यायोगे इतरांस धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अथवा होण्याचा संभव असेल. यातील ‘संभव’ हा शब्द महत्त्वाचा होय. कोणी जखमी होईपर्यंत कायदा वाट पाहत नाही. ‘ट्रेलर’ हा शब्दही तितकाच ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उसाच्या हंगामात भरलेली ट्रॉली सडकेवर सोडून ट्रॅक्टर निघून जातो. ट्रॉलीच्या मागे ना दिवा, ना चमकपट्टी. ट्रॅक्टर गेला तरी जबाबदारी जात नाही.

शाळेजवळ हा धोका अधिक गंभीर ठरतो. उभ्या ट्रकच्या आडून मूल रस्ता ओलांडू लागले की त्याला येणारी मोटार दिसत नाही आणि चालकासही मूल दिसत नाही. मुलाची उंचीच ती केवढी! म्हणूनच १९८९ च्या रस्ता-नियमावलीने वळण, चढाचा माथा, कमानी पूल व बसथांबा यांच्याबरोबर शाळेच्या प्रवेशद्वारापाशीही वाहन उभे करण्यास मनाई केली होती. २०१७ साली तिच्या जागी आलेल्या नियमावलीतही वाहन कोठे उभे करू नये, याचे नियम आहेत.

कलम १२६ प्रमाणे चालकाच्या जागी परवानाधारक बसलेला नसेल, तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा, किंवा वाहन अकस्मात चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असावी. चहापुरते उतरणारे ट्रॅक्टरचालक मात्र यंत्र चालूच ठेवतात आणि त्यांची पाठ वळताच मुले वर चढतात.

दहा तास वा अधिक काळ बेवारशी राहिलेले वाहन पोलिसांस कलम १२७ अन्वये हलवता येते. वाहतुकीस धोकादायक असेल तर ताबडतोब. ओढून नेण्याचा खर्च मालकावर पडतो.

बैलगाडी या अधिनियमात येत नाही. तथापि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८५ सार्वजनिक मार्गावर धोका वा अडथळा निर्माण करणाऱ्या कोणासही लागू पडते. पूर्वीच्या दंड संहितेत यासाठी २०० रुपयांपर्यंत दंड होता, आता तो ५,००० रुपयांपर्यंत आहे. बिघडलेल्या ट्रकभोवती मांडलेले दगड ट्रक गेल्यावरही रस्त्यातच राहतात, तेही याच कलमाखाली येऊ शकतात.

शिक्षकास दंड करण्याचा अधिकार नाही. परंतु वाहनाचा क्रमांक, जागा व वेळ टिपून पोलीस ठाण्यास व ग्रामपंचायतीस लेखी कळवणे त्यास सहज शक्य आहे. मुलांनाही उभ्या वाहनाजवळून न ओलांडता, दोन्ही बाजूंचा रस्ता दिसेल अशा जागेपर्यंत चालत जाण्याची सवय प्रत्यक्ष रस्त्यावर नेऊन लावावी. वरील अधिनियम मोटारसायकलींनाही लागू आहे, आणि शाळेच्या फाटकात पुष्कळदा शिक्षकांच्याच मोटारसायकली उभ्या असतात.