मनाचे आजार, दिव्यांगत्वाचा दाखला आणि शेतकरी कुटुंब

या मासिकातून मी आजवर सोयाबीन-तूर आंतरपीक, तणनियंत्रण आणि कोरडवाहू शेतीतील ओलावा टिकविणे या विषयांवर लिहीत आले आहे. या लेखाचा विषय माझ्या विभागाचा नाही. परंतु शेतकरी मेळावा संपून सतरंज्या गोळा होऊ लागल्या की एखादी आई बाजूला थांबते आणि हळूच विचारते, "ताई, पोरगा रात्र रात्र झोपत नाही, एकटाच बोलतो, कुठं दाखवावं?" खताची मात्रा ती चारचौघांत विचारते, हे मात्र एकटीने विचारते. माझ्या माहेरी हा प्रश्न गेली चौदा वर्षे आहे. म्हणून जे ठाऊक आहे ते लिहून ठेवत आहे.

माझा थोरला भाऊ चोवीस वर्षांचा असताना आजारी पडला. कोळपणीला त्याच्यासारखा हात गावात नव्हता. त्या वर्षी मृग नक्षत्रापासून त्याची झोप गेली. विहिरीवरची मोटार सुरू झाली की तिच्या आवाजातून कोणी तरी आपले नाव घेते, असे तो म्हणू लागला. पुढे आंघोळ सोडली, बैलांना वैरण टाकणे सोडले, दिवस दिवस बांधावर बसून राहू लागला. 'बाहेरचे आहे' असे समजून देवऋषी आणि अंगारे यांत तीन वर्षे गेली. आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया आहे, हे त्यानंतर कळले. याला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. भास होणे, विनाकारण संशय येणे, माणसांतून उठून जाणे आणि स्वतःकडे दुर्लक्ष होणे ही त्याची लक्षणे आहेत. नैराश्य हा वेगळा व अधिक आढळणारा आजार आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे आणि जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसल्यास तो आळस किंवा कामचुकारपणा समजू नये. दोन्ही आजारांवर औषधोपचार आहेत. उपचार जेवढ्या लवकर सुरू होतील तेवढा गुण चांगला येतो.

कागदावरची व्यवस्था

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. त्याचा जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. अत्यावश्यक यादीतील मानसिक आजारांची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मोफत आणि कायम उपलब्ध असली पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. किमान सेवा जिल्ह्यात सरकारी ठिकाणी नसेल, तर जिल्ह्यातील दुसऱ्या ठिकाणी उपचार घेता येतात आणि तो खर्च शासनाने सोसावयाचा असतो. आजारी माणसाला साखळदंडाने बांधण्यास याच कायद्याने मनाई आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेली २८ माणसे होरपळून मेली होती. तरीही गोठ्याच्या मागे खुंटाला बांधलेला माणूस मी स्वतः पाहिला आहे. बांधणारी त्याची आईच होती. शेतात जायचे तर त्याला कोणाच्या भरवशावर सोडू, हा तिचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

प्रत्यक्षातली व्यवस्था

राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यातील माणसाला यांपैकी एकही जवळ नाही. आमच्या गावापासून जिल्ह्याचे ठिकाण ऐंशी किलोमीटर. तेथे मानसिक आजारांची तपासणी ठरावीक वारीच होत असे. पहाटेची एस.टी. धरून आई भावाला घेऊन जाई. कधी डॉक्टर शिबिराला गेलेले असत, तर कधी दोन गोळ्यांपैकी एक शिल्लक नसे. 'बाहेरून घ्या' म्हणून चिठ्ठी मिळे. दोन वर्षांत तीन डॉक्टर बदलले आणि प्रत्येक वेळी आईने पहिल्यापासून सगळे सांगितले. एका खरिपात पेरणी, कोळपणी, फवारणी एकापाठोपाठ आली, जाणे झाले नाही, गोळ्या सुटल्या. पोळ्यापर्यंत आजार पूर्ववत उलटला. जनावरांच्या लाळ्या-खुरकताची लस गावात येऊन टोचली जाते. माणसाच्या या आजाराचे औषध मात्र त्या माणसानेच दर महिन्याला ऐंशी किलोमीटर जाऊन आणावयाचे, हा हिशेब मला अजून उमगलेला नाही.

हे आमच्याच घरचे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार आढळला. उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के होते. शेतकरी अडाणी आहे म्हणून उपचार घेत नाही, असे जे म्हटले जाते ते मला मान्य नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबविला गेला. गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी गेले, समुपदेशन केले आणि गरजेप्रमाणे रुग्णांना डॉक्टरांपर्यंत पोहोचविले. नैराश्य असलेल्यांपैकी पूर्वी ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचत होते, सुमारे दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्के झाले. लोक तेच होते, गावेही तीच होती. सेवा दारापर्यंत आली एवढाच फरक. राज्य शासनानेही २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला आणि त्यात आशा कार्यकर्तींवर घरोघरी पाहणीचे काम सोपविले. आशाताईने नाव लिहून नेल्यानंतर पुढे कोण येणार, हे तिला विचारावे व पाठपुरावा करावा.

दाखला कसा मोजला जातो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे आणि मानसिक आजार त्यांपैकी एक आहे. बहुतेक लाभांसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. पाय किती आखडला हे मोजता येते, मन कसे मोजावे? त्यासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. आपल्या वाचकांना मृद परीक्षण अहवाल वाचता येतो, त्यांना ही समजण्यास अवघड नाही. स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम अशा चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात. अडचण जेवढी मोठी तेवढे गुण जास्त. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवितात : दोन वर्षांपेक्षा कमी असल्यास १, दोन ते पाच वर्षे २, सहा ते दहा वर्षे ३ आणि दहा वर्षांहून अधिक असल्यास ४. एकूण बेरीज ७ किंवा अधिक झाली तर दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर धरले जाते. ६ पर्यंत राहिली तर खाली.

आमचे येथेच चुकले. पहिल्या दोन खेपांना तपासणीच झाली नाही, कारण मानसोपचारतज्ज्ञ हजर नव्हते. तिसऱ्या खेपेला पाच-सात मिनिटे विचारपूस झाली. "घरी काय करतो?" असे विचारताच आईने सांगितले, "सगळं करतो साहेब, रानात जातो, जेवतो, कुणाला त्रास नाही." आपल्या मुलाला चारचौघांत नावे ठेवायला कोणती आई धजेल? जुने कागद पावसात भिजून गेले होते, त्यामुळे आजार चारच वर्षांचा धरला गेला. समजा, काळजीला ०, वागण्याला १, बोलण्याला ०, कामाला १ आणि कालावधीला २ दिले, तर बेरीज ४ होते. दाखला ४० टक्क्यांच्या आत आला आणि तहसीलातील अर्ज तेथेच संपला. वास्तविक तो रानात जातो, पण सरी अर्धी टाकून निघून येतो. जेवतो, पण ताट समोर ठेवावे लागते. आंघोळीसाठी आठ-आठ दिवस मागे लागावे लागते. खरे सांगितले असते तर काळजी १, वागणे २, बोलणे १, काम ३ आणि कागद असते तर कालावधीचे ३, अशी बेरीज १० झाली असती.

विचारणाऱ्याला दोष देऊन मी थकले आहे. सकाळपासून शंभर माणसे तपासणाऱ्याने बांधावर येऊन पाहावे, अशी अपेक्षा नाही. पण शेतातल्या कामाबद्दल नेमका प्रश्न कसा विचारावा, हे त्या खोलीत कोणालाही शिकविलेले नव्हते, याचा राग येतो. नोकरदार कामावर गेला नाही तर हजेरीपत्रकात दिसते. शेतकऱ्याच्या मुलाची हजेरी कोण ठेवतो?

म्हणून आम्ही ती ठेवली. प्रयोगाच्या प्लॉटसाठी मी जशी नोंदवही ठेवते, तशीच साधी शंभर पानी वही आईला आणून दिली. रोज दोन ओळी : झोप किती तास, आंघोळ स्वतः केली की सांगून, कोणते काम किती वेळ केले व पुरे केले का, कोणाशी बोलला, गोळी घेतली का. आईला लिहिता येत नाही, शेजारची शाळेत जाणारी मुलगी संध्याकाळी लिहून देत असे. सहा महिन्यांची वही, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मिळाले तेवढे जुने केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फेरतपासणीला नेले. डॉक्टरांनी वही पानोपान वाचली. या वेळी दाखला ४० टक्क्यांच्या वर मिळाला. दाखला नाकारला किंवा टक्केवारी कमी वाटली तर अपील करता येते. त्यासाठी नकार लेखी मागून घ्यावा. तोंडी नकारावर परत येऊ नये.

अर्ज 'स्वावलंबन' संकेतस्थळावर ऑनलाइन भरावा लागतो. गावातील सेवा केंद्रात तो भरून मिळतो. नाव, जन्मतारीख व पत्ता आधार कार्डाप्रमाणेच असल्याची खात्री करावी, अन्यथा आणखी एक फेरी होते. दाखला मिळाल्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. त्यासाठी उत्पन्नाची अट आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती कोठे खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारावे. बऱ्याच गावांत हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नसतो.

औषधे आणि शेतातील काम

ही माहिती डॉक्टरांनी सांगावयाची असते, पण रांगेत राहून जाते. क्लोरप्रोमॅझिन ही गोळी चालू असताना उन्हाने कातडी लवकर भाजते. टोपी व पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. हातापायांचा कंप थांबविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिल गोळीने घाम कमी येतो आणि उष्माघाताचा धोका वाढतो. एप्रिल-मेमध्ये अशा माणसाला दुपारी शेतात ठेवू नये. लिथियम चालू असल्यास पाणी भरपूर प्यावे, मीठ एकाएकी बंद करू नये. कंबरदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅकसारखी गोळी परस्पर घेऊ नये, तिने रक्तातील लिथियम वाढते. जुलाब, उलट्या, हात थरथरणे किंवा तोल जाणे दिसल्यास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. सुस्ती असेपर्यंत मळणीयंत्र व कडबाकुट्टीवर काम देऊ नये. बरे वाटू लागले म्हणून कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. आमचा एक खरीप त्यातच गेला.

कीटकनाशके घरात, माळ्यावर किंवा पलंगाखाली ठेवू नयेत. कुलूपबंद पेटीत, घरापासून दूर ठेवावीत आणि किल्ली आजारी व्यक्तीला सापडणार नाही अशा माणसाजवळ असावी. फवारणीला लागतील तेवढीच आणावीत. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. घरात कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल तर त्यास एकटे सोडू नये. 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. १४४१६ हा 'टेलि-मानस' चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत असून दिवसरात्र चालतो आणि मराठीतून बोलता येते. मात्र गोळ्या संपल्या असतील तर त्या फोनवरून मिळत नाहीत, एस.टी. धरावीच लागते.

जमिनीबद्दल एक सांगणे आवश्यक आहे. आजारी भावाचे नाव सातबाऱ्यावर असले की 'त्याला काय कळते' म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याचा आग्रह नात्यातूनच होतो. आमच्याकडेही झाला. दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा व तिचा व्यवहार करण्याचा हक्क इतरांइतकाच आहे, हे २०१६ च्या कायद्यात स्पष्ट आहे. असा कागद पुढे आल्यास तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. सल्ला मोफत मिळतो.

भाऊ आता सकाळी दोन तास गोठ्याचे काम करतो आणि सांगितल्यास ठिबकच्या नळ्या धुऊन देतो. मोटारीचा आवाज अजून त्याला सोसत नाही, ती आईच चालू करते. त्याचा दाखला मुदतीचा आहे. मुदत येत्या ऑक्टोबरात संपते आणि सोयाबीनची काढणीही त्याच महिन्यात येते. आईने नोंदवहीची चौथी शंभर पानी वही आणून ठेवली आहे.