द्विभाषिक पत्रकातील आकृती आणि पानाचे थर

बेळगाव, निपाणी, खानापूर या परिसरात एकच सूचना मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत काढण्याचा प्रसंग ग्रामपंचायती, शाळा आणि सहकारी संस्था यांच्यावर वरचेवर येतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ साली जी संरक्षक योजना मान्य झाली, तिच्यातही ज्या भागात अल्पसंख्याक भाषिकांचे प्रमाण शेकडा १५ ते २० असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेत प्रसिद्ध व्हावेत, असा विचार आहे. मजकुराचे भाषांतर होते. परंतु नकाशा, आलेख वा आकृती यांचे काय करावयाचे, हा प्रश्न बहुधा काम छापखान्यात गेल्यावरच पुढे येतो.

खिळ्यांच्या छपाईत चित्र व मजकूर या मुळातच वेगळ्या वस्तू होत्या. जुळारी खिळे जुळवी आणि चित्राचा ठोकळा खिळ्यांच्याच उंचीचा करून चौकटीत आवळून बसवी. भाषा बदलावयाची असल्यास खिळे बदलत, ठोकळा तोच राही. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या शिळाछापखान्यात तर प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा असे व एकाच कागदावर त्या शिळांचे ठसे तंतोतंत एकमेकांवर पडले म्हणजे चित्र पूर्ण होई. संगणकावरील अक्षरजुळणीत ज्यास ‘लेयर’ अथवा थर म्हणतात, त्याची कल्पना याहून फारशी निराळी नाही. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांप्रमाणे हे थर असतात. हवा तो दाखवावा, नको तो झाकावा.

द्विभाषिक पत्रकासाठी तीन थर पुरेत. तळाशी समाईक थर: त्यावर छायाचित्रे, नकाशाच्या रेषा, बोधचिन्ह. त्यावर मराठी मजकुराचा थर आणि त्याच्यावर कन्नड मजकुराचा. इनडिझाइन किंवा विनामूल्य मिळणाऱ्या स्क्राइबस या प्रणालीत प्रत्येक थर दिसू द्यावा की नाही, छापावा की नाही आणि त्यास कुलूप लावावे की नाही, हे स्वतंत्रपणे ठरविता येते. समाईक थराची मांडणी पक्की होताच त्यास कुलूप लावावे, म्हणजे मजकूर सारताना नकाशा चुकून हलणार नाही. वर्डमध्ये असे स्वतंत्र थर नसतात. तेथे दोन फाइली ठेवून चित्र मजकुराच्या ओळीतच बसविणे हेच बरे.

याचे महत्त्व पुराच्या पत्रकावरून ध्यानात येईल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा व वेदगंगा यांच्या काठच्या गावांना मोठी झळ पोहोचली. अशा वेळी कोणता पूल बंद व निवारा कोठे, हे दाखविणारा नकाशा दोन भाषांत निघतो. गावांची नावे चित्राच्या आतच लिहिलेली असतील, तर कन्नड प्रतीसाठी चित्र पुन्हा काढावे लागते आणि त्या घाईत एखादा बाण वा नाव सुटते. म्हणून चित्रात अक्षर असू नये. नावे त्या त्या भाषेच्या थरावर लिहावीत. दिनांक, दूरध्वनी क्रमांक व पाण्याची पातळी मात्र आंतरराष्ट्रीय अंकांत समाईक थरावर ठेवावी. देवनागरी व कन्नड अंकांचा आग्रह समजण्यासारखा आहे. पण एका प्रतीतला क्रमांक दुरुस्त झाला व दुसरीतला राहिला, तर नदीकाठच्या माणसाने काय करावे?

खर्चाचाही प्रश्न आहे. रंगीत ऑफसेट छपाईस निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार शायांच्या चार प्लेटा लागतात. दोन भाषांच्या वेगळ्या प्रती म्हणजे आठ. परंतु सर्व मजकूर निव्वळ काळ्या शाईत ठेवला, तर तीन रंगांच्या प्लेटा समाईक राहून केवळ काळी प्लेट बदलावी लागते. पाच प्लेटांत काम भागते. त्यासाठी रंगीत मथळ्यांचा आणि गडद पट्टीवरील पांढऱ्या अक्षरांचा मोह सोडावा, कारण पांढरे अक्षर म्हणजे सर्वच प्लेटांत सोडलेली मोकळी जागा होय. तसेच काळी अक्षरे खालच्या रंगावर छापली जातील अशी योजना करावी. अन्यथा रंगाच्या प्लेटांत मराठी अक्षरांच्या आकाराची भोके राहतात आणि कन्नड प्रतीत त्यांची भुते दिसतात. छापखानदारास हे आधी सांगितलेले बरे.

दोन्ही लिपींना सारखी जागा पुरत नाही. कन्नडमधील जोडाक्षरांचा दुसरा वर्ण ओळीखाली उतरतो, म्हणून ओळींतील अंतर सढळ हवे. कन्नड शब्द प्रत्यय लागून लांबत जातात. अरुंद स्तंभात त्यामुळे मोठी मोकळी जागा पडते. चौकट आखताना दोन्ही मजकूर हाताशी असावेत. चित्राभोवती मजकूर वळविला असेल, तर आणखी एक बाब तपासावी: इनडिझाइनमध्ये थर झाकला तरी त्यावरील चित्राचे मजकूर ढकलणे सुरूच राहते, ते थांबविण्याची खूण थराच्या पर्यायांत करावी लागते.

चित्रे पानात साठत नाहीत. पानात केवळ त्यांचा पत्ता असतो. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलविली की पत्ता चुकतो. यास्तव छापखान्यास देताना पान, चित्रे व टंक एकत्र गोळा करण्याची जी सोय प्रणालीत आहे, तिचाच उपयोग करावा. छायाचित्र छापील आकारात इंचास ३०० बिंदूंचे असावे. १० सेंटिमीटर रुंदीस सुमारे १,१८० बिंदू लागतात. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविलेले चित्र आक्रसते, ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. जुन्या श्रीलिपी वा नुडी टंकांतील मजकूर टंक नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही, म्हणून मजकूर युनिकोडमध्येच घ्यावा.

शेवटी दोन्ही प्रतींचे मुद्रित पातळ कागदावर काढून ते एकावर एक ठेवून उजेडासमोर धरावे. रेषांवर रेषा व अंकांवर अंक बसले, म्हणजे मराठी जाणणाऱ्याने एक व कन्नड जाणणाऱ्याने एक असे मुद्रितशोधनास बसावे, आणि नकाशावरील प्रत्येक नाव एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने बोट ठेवून दाखवावे.