होडीतल्या गप्पा : हसा, पण वारा बघून बसा

वाचकहो, उजनीच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्याला होडी नवी नाही. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि करमाळा व इंदापूर तालुक्यांच्या मधे पाणी पसरले. समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा. म्हणून माणसे होडीने पलीकडे जाऊ लागली. अन् चार माणसे होडीत बसली की गप्पा आल्याच. पारावर कंटाळा आला तर उठून जाता येते, होडीत तीही सोय नाही!

नवखा पाहुणा हमखास विचारतो, "पाणी किती खोल आहे हो?" नावाडी शांतपणे सांगतो, "लई न्हाय पाव्हणं, तळापर्यंतच हाय."

धरणात रान गेलेल्या एका म्हाताऱ्याचा किस्सा तर ऐकाच. नावाड्याने भाडे मागितले तशी म्हातारा उखडला, "कसलं भाडं? आत्ता होडी चाललीय ती माझ्या ज्वारीच्या रानावरनं. तूच मला दे!" होडीत तलाठी भाऊसाहेब होते. ते म्हणाले, "बाबा, सातबारा दाखवा." म्हातारा म्हणतो, "भाऊसाहेब, उतारा रानाबरच खाली गेलाय. बुडी मारा अन् घेऊन या!" सगळी होडी हसली, भाऊसाहेबही हसले. पण त्या हसण्याखाली काय बुडाले आहे, हे तुम्हा आम्हाला सांगायला नको.

पंडित आणि नावाड्याची जुनी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. आता पंडिताच्या जागी साहेब आले आहेत. साहेब विचारतात, "संगणक येतो का रे?" "न्हाय जी." "मग पाव आयुष्य फुकट. इंग्रजी?" "न्हाय जी." "मग अर्धे फुकट." इतक्यात आभाळ भरते, वारा सुटतो. नावाडी विचारतो, "सायेब, पवायला येतं का?" "नाही रे." "मग तुमचं समदंच गेलं की!"

या गोष्टीत एक मेख आहे. वारा सुटल्याचे आधी कळले ते नावाड्याला. जाणता नावाडी दिवसभर थट्टा करील, पण वारा फिरला की गप्प होतो. त्याची थट्टा थांबली की आपणही समजून घ्यावे. पण नेमका तेव्हाच काठावरचा एखादा बहाद्दर ओरडतो, "काय रं, भ्यालास व्हय?" सगळे हसतात. तरण्या पोराला ते झोंबते अन् तो दोर सोडतो. हा विनोद महागात पडणारा आहे.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी याच पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. होडीत सातजण होते. एकजण पोहून काठाला लागला. सहाजण गेले, त्यात दोन लहान मुले होती. दोष कुणाचा, हा या लेखाचा विषय नाही. पण उन्हाळ्यात दुपार टळली की वळवाचा वारा सांगून येत नाही, एवढे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींनी एवढे करावे. होडीत किती माणसे बसवायची, याचा फळा काठावर लावावा. मोटारसायकल अन् शेरडे चढवायची असतील तर माणसे कमी करावीत. प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट असावे. अन् नावाडी "आज नको" म्हणाला तर त्याला भित्रा म्हणू नये. थट्टा करायचीच असेल तर वाऱ्यात होडी सोडणाऱ्याची करा.

जाकीट घातले की पोरे हसतात, "बघा, नवरदेव निघाला!" हसू द्या. नवरदेव संध्याकाळी घरी परत तरी येतो.