दिवा घेताना वॅटबरोबर उजेडही मोजा

दिवेलागणीला एका वस्तीवर गेलो होतो. स्वयंपाकघरात आजीबाई डाळ निवडीत होत्या. ताट अगदी डोळ्यांशी धरलेले. सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाईंना हल्ली खडा दिसत नाही. डोळे अधू झालेत."

वर आठवडी बाजारातून आणलेला ९ वॅटचा एलईडी दिवा मिणमिणत होता. माजघरातला दिवाही ९ वॅटचाच. तो काढून इथे लावला, तशा आजीबाई म्हणाल्या, "अगं, हा बघ खडा!" डोळे ठीक होते, दिवाच कमी पडत होता.

एकाच वॅटच्या दोन दिव्यांत एवढे अंतर कसे? वॅटवरून दिवा वीज किती खातो ते कळते. उजेडाचे माप ल्युमेन. बैल वैरण किती खातो आणि काम किती ओढतो, या जशा दोन गोष्टी, तसेच हे. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन उजेड देई. चांगला ९ वॅटचा एलईडी ८०० ते ९०० देतो.

आता बिलाचा हिशेब करू. दिवा रोज ५ तास लागला, तर ३० दिवसांत ६० वॅटचा बल्ब ९ युनिट जाळतो, १४ वॅटचा सीएफएल २.१ युनिट आणि ९ वॅटचा एलईडी १.३५ युनिट. आपल्या बिलावरचा दर लावून पाहा. सीएफएलमध्ये पाराही असतो. फुटला तर काचा उघड्या हाताने उचलू नका.

'झिरोचा दिवा' म्हणजे फुकटचा, ही समजूत सोडा. जुना झिरो बल्ब १२ ते १५ वॅट घेतो, म्हणजे ९ वॅटच्या एलईडीपेक्षा जास्तच! रात्रभरासाठी अर्ध्या वॅटचा एलईडी पुरतो.

कुठे कोणता लावावा? चुलीपाशी आणि मुलांच्या अभ्यासाला ८०० ल्युमेनच्या वरचा पांढरा दिवा घ्या. माजघराला, निजायच्या खोलीला २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड बरा वाटतो. गोठ्यात धूळ व ओल न शिरणारे आवरण हवे. मात्र साधा एलईडी बंद काचेच्या हंडीत लावू नका. आतली उष्णता कोंडून तो लवकर जातो.

२०१५ साली केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून एलईडी गावोगाव पोचला. आता बाजारात शेकडो प्रकार आहेत, म्हणून घेताना पुढील गोष्टी पाहा :

खोक्यावर ल्युमेनचा आकडा, भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ताऱ्यांचे लेबल असावे. तारे जास्त, तितका कमी विजेत जास्त उजेड. मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडे दाब उतरतो. म्हणून १०० ते ३०० व्होल्टवर चालणारा दिवा निवडा. दुकानात तो लावून मोबाईलचा कॅमेरा समोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर त्या दिव्याला लुकलुक आहे. अभ्यासाला तो नको. पक्की पावती घ्या, हमीच्या काळात दिवा बदलून मिळतो.

खोक्यावरची बारीक अक्षरे वाचवत नसतील, तर येत्या बाजारी शाळेतल्या नातवाला बरोबर न्या. एवढे काम तो आनंदाने करील.