मारेगाव ते अखिल भारतीय: कॉलेज फुटबॉलचा हंगाम

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावची महाविद्यालये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यामुळे इथल्या फुटबॉल खेळाडूचा हंगाम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपासून सुरू होतो. सामना बाद पद्धतीचा असला की एका पराभवात वर्षभराची मेहनत संपते. छोट्या गावच्या संघाला हे फार जड जाते, कारण सरावासाठी तुल्यबळ प्रतिस्पर्धी जवळपास सहसा मिळत नाहीत.

पण संघ हरला तरी खेळाडूची वाट बंद होत नाही, आणि या रचनेतली हीच सर्वांत चांगली गोष्ट. निवड समितीच्या नजरेत भरलेला खेळाडू विद्यापीठ संघात जातो आणि ‘कलर होल्डर’, म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत प्रतिनिधी खेळाडू, ठरतो. पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथे महाराष्ट्रासह गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातील विद्यापीठे उतरतात. गोव्याचे खेळाडू लहानपणापासून फुटबॉलवर वाढलेले, त्यामुळे विदर्भातील मुलांची खरी कसोटी त्यांच्यापुढेच लागते.

पश्चिमेसह देशातील चारही विभागांतील प्रत्येकी पहिले चार संघ, म्हणजे एकूण १६, अखिल भारतीय स्पर्धेत खेळतात. पुरुष गटातील विजेत्याला सर आशुतोष मुखर्जी करंडक मिळतो. या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघाच्या देखरेखीखाली होतात.